इलेक्ट्रॉनिक्सचं मासिक लावायचंय, कुठलं लावू?

कऱ्हाडकरीण
नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे. दिवाळीत मामाने आर्डुइनोचं (कोड लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) किट आणलं, एलईडी लुकलुकवून झाला, ट्रॅफिक सिग्नल झाला, आता व्हिडिओ बघून वायरी जशाच्या तशा लावते आणि कोड कॉपी-पेस्ट, चाललं तर नाच नाही चाललं तर आदळआपट. हा रेझिस्टर इथे का गं विचारलं तर "त्या दादाने लावलाय म्हणून". मी बँकेत, कॉमर्सवाली, मला काय सांगता येणार. म्हणून म्हटलं हातात धरून वाचायचं, पेन्सिलीने खुणा करता येतील असं मासिक लावावं, तेवढीच स्क्रीन कमी. इंग्रजी चालेल. वर्षाला दोन हजारापर्यंत. मागे एका भलत्याच विषयाच्या मासिकाचे पैसे भरले आणि बारापैकी पाच अंक हातात पडले, तेव्हापासून धास्ती आहे म्हणून आधी विचारतेय.

तापकीर_गल्ली
ताई, आपल्याकडे पहिलं नाव इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू. दिल्लीचं, १९६९ पासून निघतंय. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात निम्मे प्रोजेक्ट त्यातून उचललेले असायचे (सरांना माहीत होतं, प्रॅक्टिकलला प्रश्नही तिथूनच यायचे). पण नावावर जाऊन लगेच वर्षाचे पैसे भरू नका, एक सुटा अंक घेऊन बघा. त्यात कंपन्या, नवीन चिप, इंडस्ट्रीच्या बातम्या असं बरंच असतं, ते आठवीच्या पोरीला बोअर होणार. तिच्या कामाची म्हणजे छोटी सर्किटं. फायदा हा की त्यातले पार्ट आपल्या बाजारात मिळतात, पुण्यात बुधवार पेठेत अर्ध्या तासात पिशवी भरून होते. रद्दीवाल्याकडे जुने अंक दिसले तर डोळे झाकून उचला, ५५५ टायमर नावाच्या चिपचं सर्किट तीस वर्षांपूर्वी चालायचं तसंच आज चालतं.

ग्रँटरोड_ईस्ट
एलेक्टरचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. मूळचं नेदरलँड्सचं, पण ऐंशीच्या दशकात त्याची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघायची, ऑफिस इथेच ग्रँट रोडला, म्हणजे वाचायचं आणि उठून लॅमिंग्टन रोडला पार्ट आणायला जायचं. त्यात एक भारी पद्धत होती, बऱ्याच सर्किटमध्ये ट्रान्झिस्टरचा नंबरच नसायचा, नुसतं टीयूएन किंवा टीयूपी लिहिलेलं. अर्थ काय तर साधा कुठलाही एनपीएन किंवा पीएनपी (ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार) चालेल, बीसी५४७ घाला नाहीतर डब्यात सापडेल तो. मला ट्रान्झिस्टर तिथे कळला, कॉलेजात नाही, कारण "हाच का" असं विचारायची सवय लागली. ताई तुमच्या मुलीला नेमकं तेच हवंय. आता लावायचं म्हणाल तर युरोत पैसे, आणि मजकूर तिच्या दोन पायऱ्या वरचा. जुने अंक वर्ल्ड रेडिओ हिस्टरी नावाच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स वगैरे अमेरिकन मासिकं पण आहेत तिथे, चार पानं प्रिंट काढली की झालं मासिक.

ईएसपी_बत्तीस
काका लोक जुन्या आठवणीत रमलेत 😄 आर्डुइनो आहे ना घरात, मग हॅकस्पेसचे अंक बघा. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बनवणाऱ्यांचं मासिक, २०१७ ला सुरू झालं, नंतर त्यांच्या मॅगपाय मासिकात मिसळलं, जुन्या अंकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. सोल्डरिंगपासून सगळं सोपं करून लिहिलंय. बाकी मासिक लावण्यापेक्षा तेच पैसे एका मल्टिमीटरमध्ये (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) घाला.

ग्रँटरोड_ईस्ट
मल्टिमीटरचं शंभर टक्के बरोबर. पण व्हिडिओत चूक असली तर ती खाली चारशे कमेंटमध्ये कुठेतरी बुडालेली असते, मासिकात पुढच्या अंकात दुरुस्ती छापून येते. म्हणून सर्किट बनवायच्या आधी पुढचा अंक चाळायचा, हे आम्ही हात पोळून शिकलो.

फ्यूज_गेला
स्कॅनचा विषय निघालाय म्हणून सांगतो, अमेरिकन मासिकातलं थेट प्लगला लावायचं काहीही पोरीला करू देऊ नका. त्यांच्याकडे ११७-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. मी बारावीत असताना जुन्या अंकातलं ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट केलं, कपॅसिटरवर २५० व्होल्ट लिहिलेलं, म्हटलं २३० ला चालेलच की. तो आकडा डीसीचा होता आणि २३० एसीचं टोक जातं ३२५ पर्यंत, फाट्कन आवाज, पुस्तकावर काळा डाग आणि आईचा धपाटा. कपॅसिटर टिकला असता तरी करंट दीडपटीच्या वर गेला असता. पहिलं वर्षभर नऊ व्होल्टची बॅटरी, बास.
अजून एक, त्यांच्या सर्किटात २एन३९०४ हा ट्रान्झिस्टर असतो. बीसी५४७ बदली चालतो पण पाय उलटे, सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर आणि ३९०४ चे एमिटर-बेस-कलेक्टर. यात आठवडा गेलाय माझा.

मेलबर्नकर
इथे सिलिकॉन चिप म्हणून मासिक आहे, १९८७ पासूनचं. ऑस्ट्रेलियातही २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे फ्यूज_गेला यांची भीती जरा कमी. त्यातले बरेच प्रोजेक्ट ब्रिटनच्या प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्समध्येही येतात. लिहिलेलं उत्तम, कुठला पार्ट का घेतला ते समजावून सांगतात. पण छापील अंक कऱ्हाडला मागवायचा म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आणि आठवीला नाही, दहावीनंतर बघा.

कऱ्हाडकरीण
सगळ्यांचे आभार. तूर्तास वर्गणी भरली नाही. दुकानातून एक नवा अंक आणला आणि भाऊ पुण्याहून येताना जुने तीन घेऊन आला, दीडशे रुपयात. नवा तिने चाळून ठेवला, जुना मात्र सोडेना. त्यात अंधार पडला की लागणारा दिवा आहे, एक एलडीआर (उजेडाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा पार्ट), एक प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), एक बीसी५४७, एक एलईडी त्याच्या रेझिस्टरसकट आणि बॅटरी. "आई यात कोडच नाहीये, मग त्याला कळतं कसं अंधार झालाय?" असं तीनदा विचारून झालं, मग स्वतःच वाचून मला सांगितलं की अंधारात एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो आणि बेसला व्होल्टेज मिळतं. मला अर्धं कळलं. मल्टिमीटर मागवलाय. आता एलडीआर इथे कुठे मिळेल?

तापकीर_गल्ली
टीव्ही रिपेअरवाल्याला विचारून बघा, नसेल तर तो मागवून देईल. फक्त "लाइट सेन्सर" म्हणू नका, आर्डुइनोचा तयार बोर्ड हातात देईल. एलडीआर म्हणा, पाच मिलिमीटरचा, आणि एक नाही चार घ्या, पाय वाकवून वाकवून तुटतात.