'हॅव' युक्रेनियन माणसाला कसं समजवायचं?

मी पोलंडमध्ये राहते. २०२२ नंतर युक्रेनहून आलेल्या काही बायकांना शनिवारी इंग्रजी शिकवते, हौस म्हणून. गाडी अडते ती 'हॅव'पाशी. परवा एकजण म्हणाली, "येस्टर्डे आय कट माय हेअर." मी म्हटलं, वा, घरच्या घरी? ती माझ्याकडे बघतच राहिली. पार्लरमध्ये जाऊन आली होती बिचारी! 'आय हॅड माय हेअर कट' कसं सांगावं ते मला सुचेना. मराठीचा आधार घ्यावा तर आपल्याकडे 'हॅव'ला शब्दच नाही. मला भाऊ आहे, माझ्याकडे छत्री आहे, घराला दोन दारं आहेत. युक्रेनियनमध्ये काय भानगड आहे, कोणी सांगेल का?

—

ताई, मी युक्रेनमधल्या विन्नित्सियाला एमबीबीएस केलं. पेशंटशी बोलायचं म्हणून भाषा शिकावीच लागली.

त्यांच्याकडे 'हॅव'ला सरळ क्रियापद आहे, 'माती'. (आईलाही हाच शब्द, तो आपल्या 'माता'चा नातलग, क्रियापदाशी त्याचा संबंध नाही.) 'या मायु ब्राता', मला भाऊ आहे. पण बोलताना तेच लोक 'उ मेने ये ब्रात' असंही म्हणतात, म्हणजे शब्दशः 'माझ्यापाशी आहे भाऊ'. भाऊ असो, छत्री असो, अंगात ताप असो, 'उ मेने' सगळीकडे चालतं. आपण 'मला' की 'माझ्याकडे' हे बघतो, त्यांना ती चिंता नाही. त्यातून पूर्वेच्या खार्कीव शहराकडची मंडळी पुष्कळदा घरात रशियन बोलत वाढलेली असतात, आणि रशियनचं तर 'उ मेन्या'वाचून पान हलत नाही. म्हणून सुरुवातीला 'ॲट मी इज ब्रदर' ऐकू येतं.

खरी गंमत नकारात आहे. 'उ मेने नेमाये चासु', मला वेळ नाही. हा 'नेमाये' फोडून बघा: 'ने' म्हणजे नाही, 'माये' म्हणजे चक्क 'हॅज'. होकारात 'आहे' म्हणणारा माणूस नकारात नकळत 'हॅव' वापरतो! फळ्यावर हा शब्द लिहून मधे एक उभी रेघ मारा. दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द आहे, वेगळं काही शिकवावं लागणार नाही.

'हॅव टू' सोपं जाईल. 'या मायु प्रात्सुवाती', मला काम करायचंय. त्यात सक्तीपेक्षा 'तसं ठरलंय' हा सूर जास्त, सक्तीला 'मुशु' आहे. शिवाय 'मेनी त्रेबा स्पाती' म्हणजे 'मला झोपायला हवं', अगदी आपल्यासारखं 'मला' लावून.

'हॅव ब्रेकफास्ट' मात्र पटत नाही. सकाळचं खाणं 'स्नीदाती', दुपारचं 'ओबीदाती', रात्रीचं 'वेचेर्याती', प्रत्येकाला स्वतंत्र क्रियापद. त्यामुळे 'आय ब्रेकफास्ट ॲट एट' म्हणतात. आपणही 'जेवतो'च की, 'जेवण करतो' म्हणणारे अलीकडचे.

केसांचं म्हणाल तर त्या बाईंच्या मनात 'पिद्स्त्रिह्लास्या' होतं. कात्री कोणाच्या हातात होती ते हा शब्द सांगत नाही. मराठी तिथे चोख आहे: 'केस कापले' आणि 'केस कापून घेतले'. 'हॅड'च्या जागी 'घेतले' ठेवून बघा, तुमचं तुम्हाला तरी सुचेल. त्यांच्यासाठी फळ्यावर दोन चित्रं काढा, एकीच्या हातात कात्री, दुसरी खुर्चीत बसलेली.

—

मधेच बोलतो, माफ करा. 'आय हॅव रेड इट' राहिलं. युक्रेनियनमध्ये वाचत होतो ते 'चिताव' आणि वाचून संपवलं ते 'प्रोचिताव', त्यामुळे जोडीला 'हॅव' लागतच नाही. आपलं 'वाचलंय' इंग्रजीला जवळचं वाटतं, आणि म्हणूनच आपण बिनधास्त 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' असं चुकीचं बोलून मोकळे होतो. तेव्हा त्यांनी 'हॅव' गाळलं तर हसायला नको.

—

दोघांचेही आभार. काल 'नेमाये' फोडून दाखवला. दोन मिनिटं शांतता, मग सगळ्या एकदम हसल्या. चित्रांचाही उपयोग झाला, फक्त माझी खुर्चीतली बाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी दिसत होती. तास संपताना मी सवयीने विचारलं, "आर यू हॅविंग एनी डाउट्स?" तर मागच्या बाकावरच्या आजींनी वही चाळली आणि विचारलं, "टीचर, व्हाय 'हॅविंग'?"