कोझुमेलला लहान मुलांसोबत स्नॉर्कलिंग कुठे करावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जुलैमध्ये मायामीहून निघणारी आमची क्रूझ मेक्सिकोतल्या कोझुमेल बेटावर दिवसभर थांबणार आहे. सोबत दहा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलगा छान पोहतो. मुलगी मात्र मास्कमध्ये थेंबभर पाणी शिरलं तरी घाबरून तोंड वर काढते, त्यामुळे तिचे पाय टेकतील असं उथळ पाणी हवंय.

पूर्व किनाऱ्याला लाटा जोरात असतात, म्हणून पश्चिमेलाच राहायचं हे नक्की. चांकानाब पार्कात किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरता येतं, पण पायऱ्या संपल्या की लगेच खोल लागतं का? एल सिएलो या समुद्रातल्या उथळ जागी पाणी कंबरेइतकं, तळाशी तारामासे. मुलं हरखून जातील. पण तिथे बोटीने जावं लागतं आणि सासूबाईंना बोट लागते. त्यांना सावलीत निवांत बसता येईल अशी जागा कुठली?

उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ कोझुमेलच्या तासभर पुढे असतं, त्यामुळे परतायची वेळ जहाजाच्या घड्याळानेच धरणार आहोत. सनस्क्रीनऐवजी शक्यतो पूर्ण बाह्यांचे रॅशगार्ड (पाण्यात घालायचे अंगाला घट्ट बसणारे टी-शर्ट) घालू, प्रवाळाला तेवढाच कमी त्रास. मुलांच्या मापाचे, नीट बसणारे मास्क तिथे भाड्याने मिळतात, की घरूनच न्यावेत?