बाराच्या आत पंधरा जणांना पाठव, नाहीतर...

डिचोलीकरीण

मुलगी दहा वर्षांची, पाचवीत. तिला स्वतःचा फोन नाही. माझा जुना फोन वायफायवर चालतो, गृहपाठ ग्रुपवर येतो म्हणून तो तिच्या हातात असतो. लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय, शाळा उघडल्या तरी सुटली नाही.

परवा नवऱ्याची वेर्ण्याला रात्रपाळी होती. भांडी आवरून मी साडेनऊला आत आले तर ही चादरीत तोंड खुपसून बसलेली, आतून फोनचा उजेड. चादर ओढली तर पोर घामानं भिजलेली, आणि अंगठा चालूच.

वर्गातल्या मैत्रिणीकडून मेसेज आला होता. रोमन लिपीतलं मराठी, मधे मधे कवट्या. सात वर्षांची कोणी मेलेली मुलगी, तिला डोळे नाहीत, आणि हे वाचलंस तर रात्री बाराच्या आत पंधरा जणांना पाठव. शेवटची ओळ अशी की एका मुलीनं पाठवला नाही, तर सकाळी तिची आई उठलीच नाही. म्हणजे पोर स्वतःसाठी नव्हतीच घाबरली. मला वाचवत होती.

मेसेजवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला, त्यामुळे तो एका वेळी एकाच ठिकाणी जात होता. मी पोचेपर्यंत अकरा ठिकाणी पाठवून झालं होतं. मावशी, टेलर, गॅसवाला, मासेवाली, देवळाच्या कमिटीचा ग्रुप आणि आमचे हेडक्लार्क. मी सगळीकडून 'सर्वांसाठी डिलीट' केलं. पण तिथं मेसेज डिलीट केल्याची ओळ राहतेच ना! सकाळी सातला मासेवालीचा फोन, "बाये, कितें गो डिलीट केलें?" हेडक्लार्कनी काही विचारलं नाही. ते जास्त वाईट.

मी तिला सांगितलं, खोटं आहे हे, झोप. ती म्हणाली, "मग तू त्या दिवशी गणपतीचा का पाठवलास? अकरा जणांना पाठवा, शुभवार्ता येईल, तो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं. म्हणाल्या, "आपल्या शिवेवर राखणदार आहे गो. दर वर्षी त्याला रोटाचा नैवेद्य देतो तो कशाला? त्याला विचारल्याशिवाय परक्या गावचं भूत आत येईल?" पाच मिनिटांत झोपली. रात्री दोनदा उठली मात्र, आणि माझ्या नाकासमोर हात धरून श्वास बघितला. मी झोपेचं सोंग घेऊन पडून होते.

आता दोन प्रश्न. एक, एका भुताला दुसऱ्या देवचारानं, म्हणजे त्या राखणदारानं, पळवलं, हे बरोबर झालं का? दोन, पालकांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून सगळ्यांना सावध करू का?

फोंड्याचा मास्तर

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथं आहे. स्क्रीनशॉट टाकू नका. ज्या मुलांपर्यंत तो अजून पोचलेला नाही, त्यांच्यापर्यंत तुम्हीच पोचवाल, कारण आईचा फोन रात्री कुणाच्या हातात असतो ते तुम्ही आत्ताच लिहिलंत. मोमोचं आठवतंय? बटबटीत डोळ्यांची, लांब केसांची बाई, मुलांना स्वतःला इजा करायला सांगते अशी अफवा होती. ते जपानमधल्या केइसुके आइसो या कलाकारानं २०१६ मध्ये केलेलं शिल्प. टोकियोतल्या एका गॅलरीत ठेवलेलं, पुढे खराब झालं म्हणून त्यानंच टाकून दिलं. ब्रिटनमध्ये २०१९ च्या फेब्रुवारीत त्याचा गहजब झाला तेव्हा मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थांनी सांगितलं, यातून कुणाला इजा झाल्याचा पुरावा नाही. तो चेहरा घरोघर नेला तो पालकांनी एकमेकांना पाठवलेल्या इशाऱ्यांनी. फक्त त्या मैत्रिणीच्या आईला फोन करा. रागावून नको. ती पोरही घाबरूनच पाठवत होती.

माझ्या वर्गात असाच एक आला होता. मी फळ्यावर गुणाकार मांडला. एकानं पंधरा जणांना पाठवला, त्या प्रत्येकानं पुढे पंधरांना. १५, २२५, ३,३७५, ५०,६२५, ७,५९,३७५. सहाव्या फेरीला १,१३,९०,६२५. बाजूला गोव्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या लिहिली, १४,५८,५४५. मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "सर, गोवा संपलो!" मग विचारलं, कुणी कुणी पाठवला नाही? चार हात वर आले, भीत भीत. आज डबा कुणी दिला? "आईनं." चौघांनीही तेच सांगितलं. भाषणानं झालं नसतं ते त्या चार डब्यांनी झालं.

साखळीचा पोस्टकार्डवाला

मास्तर, तुमच्या पोरांना आमच्या वेळचं सांगा. ऐंशीच्या दशकात हेच भूत पोस्टमन आणून द्यायचा. देवीचं नाव घालून पत्र यायचं, अशीच एकवीस पत्रं लिहा, अमक्याला लॉटरी लागली, तमक्यानं पत्र फाडलं तर त्याचा मुलगा गेला. खाली सही नाही. कार्ड पंधरा पैशांचं, म्हणजे एकवीसाचे तीन रुपये पंधरा पैसे. एवढे पैसे मला कोण देणार? सात कार्डं लिहिली आणि खिसा संपला. उरलेल्या चौदांच्या भीतीनं महिनाभर विहिरीकडे एकटा गेलो नाही. त्या वर्षी गणितात नापास झालो हे खरं, पण त्याच्या आदल्या वर्षीही झालोच होतो.

तेव्हा निदान हात दुखायचे हो. सात कार्डांनंतर माणूस विचार करायला लागायचा.

पर्वरीहून

थोडं तांत्रिक. दोन बाण म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलेला. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, हा नियम एप्रिल २०२० पासून आहे. पण पोरं हुशार. मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाण गेले, म्हणजे बाण नाहीत तर मेसेज नवा, असं समजू नका. प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथं फक्त आपले कॉन्टॅक्ट ठेवा. आणि व्हॉट्सॲपला किमान वय तेरा आहे, हे गृहपाठ तिथं टाकणाऱ्यांनाही कुणीतरी सांगा.

हा भुताचा मेसेज पुसून विसरलात तरी चालेल. पण मेसेजमध्ये फोटो मागितला, लिंक दिली, स्वतःला दुखापत करायला सांगितलं किंवा 'आईला सांगू नको' असं असलं, तर पुसायचा नाही. जपून ठेवायचा आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला, पैशांचं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पेडण्याची वहिनी

पहिल्या प्रश्नाला कुणी हात लावत नाही म्हणून मी लावते. सासूबाईंना दोष देऊ नका. रात्री दहाला पोराला झोप हवी असते, विज्ञान सकाळी. फक्त उद्या कुणी 'राखणदाराचा कोप' म्हणून मेसेज पाठवला तर तुमची पंचाईत आहे, तेवढं धरून ठेवा.

डिचोलीकरीण

पंचाईत झालीच, पण वेगळीच.

मैत्रिणीच्या आईला फोन केला. तिला पत्ताच नव्हता. तिच्या पोरीनं नऊ जणांना पाठवून फोन बंद केला होता, आणि दोन रात्री ती आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपली होती. आईला वाटलं, ताप येतोय. मग दोघींना आमच्या ओसरीवर बसवून मास्तरांचा गुणाकार करायला दिला. तिसऱ्या फेरीला हातचा चुकला, त्यावरून भांडल्या, आणि भूत राहिलं बाजूला. सासूबाई मधेच म्हणाल्या, "राखणदाराला एवढी माणसं मोजता येतात," तर माझी मुलगी म्हणाली, "आजी, त्याला फोन कुठे आहे?" सासूबाई हसल्या. मला वाटलं होतं रागावतील.

गणपतीबद्दल तिला खरं सांगितलं. शुभवार्तेसाठी नव्हता पाठवला. मावशीनं पाठवला, पुढे न पाठवला तर मनाला टोचेल म्हणून पाठवला. "म्हणजे तू पण घाबरलीस?" म्हणाली. हो म्हटलं.

आज मावशीचा परत आला. सोमवार, महादेव, अकरा जण. फोन मुलीच्याच हातात होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोन उलटा करून डब्याशेजारी ठेवला. मावशीला काय कळवायचं ते अजून ठरलेलं नाही. तिला बोलणं सोपं नाही, आमच्याकडची मोठी आहे ती.