मदत हवी आहे: समुद्राजवळच्या घराच्या गॅरेजचं शटर बदलायचंय, कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा श्रीवर्धन तालुक्यात गावच्या घरी असतात, मी ठाण्याला. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. ओटीला लागून गॅरेज आहे. त्यात गाडी, बाबांची स्कूटर आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. त्याचं शटर या पावसाळ्याच्या आत बदलायचंच आहे. माप रुंदीला १० फूट, उंचीला ८ फूट.

आत्ताचं शटर साध्या लोखंडी पट्ट्यांचं, रंग मारून मारून टिकवलेलं. वरच्या पट्ट्या अजून ठणठणीत आहेत. खालच्या चार-पाच मात्र बोट लावलं तरी पापुद्रा हातात येईल अशा झाल्यात, आणि चॅनल (पट्ट्या ज्यात वर-खाली सरकतात ती बाजूची खाच) जिथे फरशीत गाडलाय तिथे वीतभर भाग खाऊन गेलाय. त्यात ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मधल्या पट्ट्या आत दबून चॅनलमधून सुटल्या होत्या. गावातल्याच एकाने ठोकून सरळ केल्या, पण तेव्हापासून शटर वर जाताना तिथे अडकतं. स्प्रिंगाही थकल्यात. बाबा सत्तरीच्या पुढचे. शटर कमरेपर्यंत उचलायचं आणि मग खाली वाकून खांद्याने वर रेटायचं, असा त्यांचा रोजचा कार्यक्रम. आई बघतच नाही, आत निघून जाते.

तीन फॅब्रिकेशनवाल्यांना विचारलं, तिघांची तीन मतं. एक म्हणतो जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या १८ गेजच्या घ्या. दुसरा म्हणतो २० गेज भरपूर झालं, वरून पावडर कोटिंग करून देतो. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचं रिमोटवालं शटर गळ्यात मारायच्या बेतात आहे. भाव सगळे स्क्वेअर फुटावर, पण एकाने उंची ८ ऐवजी साडेनऊ फूट धरली. का, तर वर पाइपवर गुंडाळलेला भागही मोजायचा असतो म्हणे. हे खरं आहे का? दुसऱ्याचा भाव ऐकायला कमी वाटला, पण त्यात चॅनल, वरचं कव्हर आणि फिटिंग काहीच धरलेलं नाही.

भाच्याने अमेरिकेतल्यासारखा छताखाली आडवा सरकणारा दरवाजा सुचवलाय. दिसतो झकास. पण आमच्या गॅरेजला माळा आहे, त्यावर पेट्या, बांबू आणि आजोबांपासूनचं न टाकलेलं सगळं सामान. त्या दरवाज्याचे रूळ न्यायचे कुठून? बाबांच्या मनात फणसाच्या लाकडाचा दोन फळ्यांचा दरवाजा आहे. तो पावसाळ्यात फुगणार आणि वाऱ्यात हातातून सुटला की गाडीवरच आपटणार, असं मला वाटतं. त्यामुळे शटरच.

तर समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कृपया सांगा: गेज कोणतं, मोटर घ्यावी की गिअरचं हँडल पुरे, आणि वादळात पट्ट्या चॅनलमधून सुटू नयेत म्हणून काय करून घ्यावं? पुण्या-मुंबईचे अनुभव इथे फारसे लागू पडत नाहीत, म्हणून खास किनाऱ्यावरच्यांना विचारतोय.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

गुंडाळलेला भाग मोजतात, ते खरं आहे. मात्र तिघांनाही एकाच उंचीवर भाव द्यायला सांगा, तरच तुलना होईल.

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ म्हणजे साधारण १.२ मिमी, २० म्हणजे ०.९. १८ घ्या. पण आपल्याकडे जाडीइतकंच जस्ताच्या थराकडे बघावं लागतं. जीआय म्हणून १२० ग्रॅमचा थर असलेला पत्राही मिळतो आणि २७५ चाही. हे वजन दर चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून. बिलावर आकडा लिहून घ्या, नुसत्या ‘जीआय आहे साहेब’वर जाऊ नका. साध्या लोखंडावरच्या पावडर कोटिंगला इकडे अर्थ नाही. कडेला एक टवका उडाला की गंज आतून पसरतो आणि वरून रंग शाबूत दिसत राहतो.

तुमचं खरं दुखणं चॅनलच्या बुडाशी आहे. तिथे खारं पाणी साठतं, म्हणूनच वरच्या पट्ट्या धड आणि खालच्या गेलेल्या. नवा चॅनल फरशीत गाडू नका, बोटभर वर थांबवा आणि बाहेरच्या बाजूला उतार काढून घ्या. वेल्डिंग झालं की त्या जागचं जस्त जळतं. म्हणून चॅनल कापून, भोकं पाडून, वेल्डिंग आटोपून मगच हॉट डिपला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घ्यायला पाठवायचा. बोल्ट स्टेनलेस ३१६ चे. ३०४ ला आमच्या अंगणात पहिल्याच वर्षी तांबूस डाग आले.

प्रतिसाद

अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण दहा फूट रुंदीला वाऱ्यात लवतं. निसर्ग अंगावर घेतलेल्या गावात मी तरी घेणार नाही.

पट्ट्या सुटतात त्या चॅनल उथळ असल्यामुळे. सरकारी बांधकामांच्या विनिर्देशांत साडेतीन मीटर रुंदीपर्यंत चॅनलची खोली किमान ६५ मिमी सांगितली आहे. तुमची रुंदी तीन मीटरच्या किंचित वर, तरी ७५ चा घ्या. शिवाय पट्ट्यांच्या टोकांना लॉक-क्लिपा मारून मागा. पट्टी आडवी सरकत नाही आणि वाऱ्यात धरूनही राहते.

मोटरीचे दोन प्रकार असतात. मधली मोटर पाइपवर बसते, तिच्यासोबत स्प्रिंगा लागतातच. साइड मोटर अख्खं वजन स्वतः उचलते, स्प्रिंगांची गरज नाही, आणि लाइट गेली की तिच्या साखळीने हाताने उघडता येतं. स्प्रिंगाच गंजून तुटतात त्या ठिकाणी साइड मोटरच बरी. तुमचं शटर शंभर किलोच्या आसपास भरेल, त्याला ३०० किलोची पुरते. साखळी आतून असते, तेव्हा गॅरेजला घरातून दार आहे ना, तेवढं बघा. नसेल तर लाइट गेली की गाडी आत आणि तुम्ही बाहेर.

प्रतिसाद

आणि चॅनलमध्ये जळकं ऑइल ओतू नका! सगळ्या गावाला ती सवय आहे. वाळू चिकटून त्याचा सँडपेपर होतो. गोड्या पाण्याने धुवा, सुकलं की सिलिकॉनचा स्प्रे मारा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. जळक्या ऑइलचा डबा आमच्याकडे आहेच, शटरच्या कोपऱ्यातच ठेवलेला.

बाबांशी बोललो. मोटर म्हटल्यावर आधी ‘मला काय झालंय?’ झालं. साखळीने हातानेही उघडतं म्हटल्यावर तयार झाले. ओटीवरून गॅरेजमध्ये दार आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. १८ गेज, २७५ चा थर, ७५ चा हॉट डिप केलेला चॅनल आणि साइड मोटर, असा भाव तिघांकडून नव्याने मागवतोय. अ‍ॅल्युमिनियमवाला नाराज झाला.

एकच अडलंय. गुंडाळी आत घ्यायची तर माळ्याची पुढची फळी कापावी लागेल, आणि बाबा त्याला हात लावू देत नाहीत. बाहेर घ्यायची तर मोटर पत्र्याच्या कव्हरखाली, थेट नैर्ऋत्येच्या पावसाच्या तोंडावर. बाहेर मोटर बसवून कोणी दोन-तीन पावसाळे काढलेत का? कव्हर कशाचं केलंत आणि वायरची जोडणी कुठून आत घेतलीत?