विषय: स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरची नक्षी

नमस्कार मंडळी,
दिवाळी स्मरणिकेचं मुखपृष्ठ ठरवायचंय. आपण राहतो ती ऑस्ट्रेलियाची भूमी मूळ रहिवाशांची आहे, याची जाण दिसावी म्हणून पणतीभोवती उत्तरेकडच्या यिर्काला गावातल्या झाडसालीवरच्या चित्रांसारखी बारीक रेघांची नक्षी काढावी म्हणतो. नेटवर नमुने भरपूर आहेत. चालेल ना?
– संपादक

---

संपादकदादा,
भावना पोचली, पण नक्षी उचलू नका, ही कळकळीची विनंती.

आम्ही दोघं यिर्कालाला जाऊन आलोय, आर्नहेम लँडच्या ईशान्य टोकाला. तिथल्या बुकू-लार्ङ्गाय मुल्का या कला केंद्रात दोन उंच फलक आहेत. १९६२-६३ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे योल्ङूंच्या ज्येष्ठांनी ते ख्रिस्ती मिशनच्या चर्चसाठी रंगवले. योल्ङू समाजाचे दोन भाग आहेत, धुवा आणि यिरिचा; एक फलक धुवांचा, दुसरा यिरिचांचा, आणि प्रत्येक कुळाने फक्त स्वतःच्या हक्काची नक्षी काढलेली. १९६३ मध्ये त्यांना न विचारता बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेतली, तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे अर्ज पाठवले. कागद सालीवर चिकटवलेला आणि भोवती कुळांची नक्षी. ती नक्षी म्हणजे त्यांचा सातबाराच! पुढे चर्चने ते फलक बाहेर टाकून दिले. १९७८ मध्ये केंद्राने ते उचलून आणले, म्हणून आज दिसतात. त्यांच्यासमोर मी बराच वेळ नुसती उभी होते.

चित्राची साल पावसाळ्यात सोलतात, विस्तवावर शेकून सपाट करतात. रंग मातीचे, आणि त्या रेघा माणसाच्या केसांच्या कुंचल्याने ओढतात. केंद्रातून चित्र घेतलं की चित्रकाराचं नाव, कूळ आणि कथा सोबत येते. २००७ पासून केंद्राच्याच मुल्का प्रकल्पात जुने फोटो, चित्रफिती, गाणी जपून गावातल्याच लोकांना पाहायला मिळतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटलं.

वारल्यांचा लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. आता वारली आकृत्या कपांवर आणि पडद्यांवर दिसतात, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते आपल्याला खुपतं ना?
– वाचनकट्ट्याची ताई

---

ताई,
पटलं. मुखपृष्ठावर आपली ठिपक्यांची रांगोळी घेतो. आतल्या पानासाठी केंद्राला आजच लिहितो. परवानगी मिळाली तरच चित्र छापू, चित्रकाराच्या नावासकट आणि ते सांगतील त्याच शब्दांत. फलकांवर एक पान तुम्ही लिहाल का?
– संपादक

---

चित्रकाराच्या मानधनाची रक्कम छपाईच्या खर्चात धरते. केंद्राचं उत्तर आलं की आकडा कळवा.
– खजिनदार