विज्ञानकथांतील भविष्यकाळ अंगाला चिकटलेलाच का असतो?

दुर्बीण :
गेले काही महिने मी जुने-नवे विज्ञानपट आणि विज्ञानविषयक चित्रकथा कालक्रमाने पाहत आणि वाचत आहे. कोणत्या शतकात जायचे आणि कोणत्या ग्रहावर उतरायचे हे कथेगणिक बदलते, पोशाख मात्र बहुधा एकच असतो : गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, बिनगुंडीचा, आणि इतका तंग की तो चढवताना पात्राला दोघातिघांनी मदत केली असावी अशी शंका यावी. छापील विज्ञानकथांचे लेखक कपड्यांबाबत सहसा फारसे बोलत नाहीत. त्यामुळे ही कल्पना चित्रकारांची आणि वेशभूषाकारांची असावी, असा माझा अंदाज आहे. तंग कपडा आणि भविष्यकाळ यांची गाठ नेमकी कशामुळे पडली? तिला विज्ञानाचा काही आधार आहे, की एकाने काढले म्हणून दुसऱ्याने काढले, एवढेच?

सुईदोरा :
नाटकांसाठी कपडे शिवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी कापडाच्या बाजूने उत्तर देते. पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरचे भविष्य आरंभापासून तंग नव्हते. १९३६ च्या ‘थिंग्ज टू कम’ या चित्रपटात २०३६ सालचे नागरिक रुंद खांद्यांचे आखूड अंगरखे घालून, गुडघे उघडे टाकून वावरतात, म्हणजे पुढचे शतक दाखवण्यासाठी वेशभूषाकार प्राचीन ग्रीस-रोमकडे गेले होते.

तंग पोशाख आला तो सर्कशीतून. झ्यूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूने १८५९ मध्ये पॅरिसला एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेप घेण्याचा खेळ करून दाखवला. त्याच्या अंगातल्या विणलेल्या, अंगाबरोबरच्या कपड्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. कसरतपटूंचा आणि पहिलवानांचा हा वेश चित्रकथांच्या चित्रकारांनी उचलला. ‘फ्लॅश गॉर्डन’ १९३४ चा आणि ‘सुपरमॅन’ १९३८ चा. त्यात त्यांची सोयही होती, कारण मानवी शरीर रेखाटण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला तंग कपडा म्हणजे उघड्या आकृतीत भरलेला रंगच, ज्यात चुण्या नाहीत, घड्या नाहीत आणि स्वस्त छपाईत बिघडेल असे काहीच नाही.

कागदावर जे सहज जमले ते प्रत्यक्षात अनेक वर्षे जमत नव्हते. लोकरीचा किंवा सुती विणीचा तंग कपडा चार वेळा बसल्या-उठल्यावर गुडघ्यांवर आणि कोपरांवर पोत्यासारखा होतो, आणि चकाकत्या यानाच्या कप्तानाचे गुडघे लोंबत असले की त्याच्या अधिकाराला बाध येतो. नायलॉनची घोषणा १९३८ मध्ये झाली, तरी खरा फरक पडला तो ड्यू पाँ कंपनीतील जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये स्पॅन्डेक्सचा धागा सिद्ध केला तेव्हा. मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला तरी हा धागा पुन्हा पूर्ववत होतो. लायक्रा या नावाने तो १९६२ मध्ये बाजारात आला.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. नव्या धाग्याचा गुण तो ताणल्याखेरीज डोळ्यांना दिसत नाही. त्याच धाग्याचा सैल सदरा शिवला तर प्रेक्षकाला तो साधा सदराच वाटेल. उलट वाकलेल्या गुडघ्यावर एकही चुणी दिसली नाही, की हे कापड आपल्या आजोबांच्या काळी नव्हते, हे त्याला काही न सांगता कळते. आता प्रत्येक सायकलपटूच्या अंगावर तेच कापड असल्यामुळे ही खूण निकामी झाली आहे, तरी सवय सुटलेली नाही. ‘स्टार ट्रेक’च्या १९८७ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत गणवेश स्पॅन्डेक्सचे होते आणि ते सतत ताणलेले राहावेत म्हणून मापाने मुद्दाम लहान ठेवले होते. कलाकारांच्या पाठी दुखू लागल्या आणि तिसऱ्या पर्वापासून लोकरी कापडाचे दोन भागांचे गणवेश आले. चोविसाव्या शतकाने लोकरीकडे परतावे, याचा मला शिवणाऱ्या माणसाचा आनंद झाला होता हे कबूल करते.

निर्वात :
सुईदोरा यांचे विवेचन पटले. त्याला भौतिकशास्त्राची एक पुरवणी जोडतो, कारण या गाठीत विज्ञान अगदीच नाही असे नाही.

अंतराळात शरीराला दाब हवा असतो. आजच्या अमेरिकी अवकाशपोशाखात तो शुद्ध ऑक्सिजन भरून दिला जातो आणि अंतराळस्थानकाबाहेर काम करताना तो साधारण ३० किलोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी असतो. वायूने भरलेला पोशाख फुग्यासारखा वागतो. कोपर वाकवले की आतले आकारमान घटते आणि प्रत्येक हालचालीला त्या वायूशी झटावे लागते. सर्वांत जास्त थकतात ती बोटे. सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यांनी १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पहिला विहार केला, तेव्हा त्यांचा पोशाख इतका फुगला आणि ताठरला की आतला दाब कमी केल्यावरच त्यांना परत आत शिरता आले.

यावर अमेरिकी डॉक्टर पॉल वेब यांनी १९६० च्या दशकात सुचवलेला उपाय असा होता की, वायूऐवजी ताणल्या जाणाऱ्या कापडाने शरीर थेट आवळावे आणि फक्त डोक्याभोवती वायूचा दाब ठेवावा. त्वचा स्वतःच बऱ्यापैकी वायुरोधक असते आणि घाम कापडातून सरळ उडून जातो. शिवाय कापड फाटलेच तर सगळा वायू निसटून न जाता इजा तेवढ्या जागेपुरती राहते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत डाव्हा न्यूमन यांनी हाच विचार पुढे नेला. अडचणी दोन आहेत. काख, जांघ, तळहात अशा खोलगट जागी कापड टेकत नाही, त्यामुळे तिथे दाब पोहोचत नाही. आणि शरीर सर्वत्र सारखे आवळणारा पोशाख अंगात चढवणे ही स्वतंत्र कसरत ठरते. म्हणजे दोघातिघांच्या मदतीचा आपला अंदाज वैज्ञानिकदृष्ट्याही योग्य आहे. आणखी एक गंमत अशी की, तंग पोशाख आजही अंतराळात जातो, पण दिसत नाही. फुगीर पोशाखाच्या आत अंगाला लागून ताणता येणारे एक वस्त्र असते आणि त्यात थंड पाणी खेळवणारी सुमारे ९० मीटर लांबीची नळी गुंफलेली असते.

दुर्बीण :
दोघांचेही आभार. मग चंदेरी रंगाचे काय? तोही सर्कशीतून आला का?

निर्वात :
त्याला बळ दिले ते अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेने. त्या अंतराळवीरांचा पोशाख नौदलाच्या वैमानिकांच्या दाबपोशाखावरून बेतला होता आणि त्यावर ॲल्युमिनियमचा चकाकता थर होता. यानातील दाब गेला तरच तो फुगवायचा होता, त्यामुळे लोकांनी छायाचित्रांत पाहिला तो न फुगलेला, दोऱ्यांनी अंगाबरोबर आवळलेला पोशाख. जगाने भविष्याचा वेश म्हणून लक्षात ठेवला तो असा प्रत्यक्ष कामाला न लागलेल्या स्थितीतला.

मधलीरेघ :
वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. हा तंगपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेत १९९७ मध्ये सेव्हन ऑफ नाइन हे स्त्रीपात्र आले. यानावरचे इतर कर्मचारी नेहमीच्या गणवेशात, आणि हिच्या अंगावर मात्र त्वचेसारखा बसलेला पोशाख. हे धाग्याच्या नावीन्याने समजावता येत नाही, आणि दाबाच्या गणिताने तर नाहीच.

दुसरा मुद्दा खिशांचा. तंग पोशाखाला खिसा नसतो, त्यामुळे त्या समाजात कोणाला किल्ली, रुमाल, हत्यार किंवा पैसे बाळगावे लागत नाहीत आणि हवामानही नसते, असे तो पोशाखच सांगून टाकतो. सगळे काही यान पुरवते. मला तो वेश स्वातंत्र्याचा न वाटता एखाद्या चांगल्या रुग्णालयातल्या रुग्णाचा वाटतो.

सुईदोरा :
मधलीरेघ यांचा पहिला आक्षेप मान्य आहे. माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. खिशांबाबत एवढेच सांगते की, १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ आणि १९७९ चा ‘एलियन’ या दोन्ही चित्रपटांची वेशभूषा जॉन मोलो यांची होती आणि ते मूळचे लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते. त्यांची माणसे सैल, मळलेल्या, वापरून जुन्या झालेल्या कपड्यांत दिसतात. गणवेशाचा अभ्यासक कपडा पाहताना तो घालणारा दिवसभर काय काम करतो हे आधी पाहतो, आणि काम आले की खिसे येतातच.

निर्वात :
चंद्रावर उतरलेल्यांच्या बाबतीतही तेच झाले. नमुने आणि कामाच्या याद्या ठेवण्यासाठी त्यांना पोशाखाच्या पायांवर पट्ट्यांनी बांधायचे वेगळे खिसे न्यावे लागले होते.