धमनी आकसण्यामागची शरीररचना

मनगटातून मेंदूच्या अँजिओग्राफीसाठी (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणासाठी) कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, नेताना अडथळा आला, तर धमनी आकसली असे समजावे, हे म्हणणे मला अपुरे वाटते, कारण त्या आकसण्यामागे पुष्कळदा जन्मजात रचनाच असते. मनगटाकडे जाणारी रेडियल धमनी सहसा कोपराच्या खोबणीत दंडातल्या ब्रेकियल धमनीपासून फुटते. काहींमध्ये मात्र ती दंडात किंवा काखेतच फुटते आणि तिथून अरुंद नळीसारखी खाली येते. हृदयाच्या अँजिओग्राफीच्या तुलनेने बारीक कॅथेटरला ती बहुधा सामावून घेते, पण मेंदूतील रक्ताची गुठळी काढण्यासाठी लागणारा जाड गाइड कॅथेटर तिच्यात घट्ट बसतो. कोपराजवळ धमनीनेच घेतलेले पूर्ण वेटोळे याहून त्रासदायक असते, कारण कॅथेटरला वाट दाखवणाऱ्या तारेचे टोक तिथे निघणाऱ्या बारीक उपशाखेत शिरते आणि जोर लावल्यास ती फाटून हातात रक्त साचते. म्हणून सुरुवातीलाच थोडे कॉन्ट्रास्ट (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून हाताच्या धमनीचे चित्र घ्यावे, असा माझा आग्रह आहे. उजव्या हाताला रक्त पुरवणारी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून अन्ननलिकेमागून येत असेल, तर उजव्या मनगटाचा हट्ट धरू नये. जांघेचा मार्ग तयार ठेवावा.